यमुनाबाईंचा होकार

१

डॉ. दीपक सुर्वे व्यायामशाळेच्या फरशीवर पालथे पडले होते, आणि त्यांच्या डोक्याची मागची बाजू ओळखू येण्यासारखी उरली नव्हती.

सहायक पोलीस निरीक्षक शमिका नागवेकर दारातच थांबली. नोकरीत तिने बुडालेली माणसं पाहिली होती, जळलेली पाहिली होती, हायवेवर ट्रकखाली आलेलीही पाहिली होती. पण त्या माणसांवर कोणाचा राग नव्हता. इथे मारणारा एका घावावर थांबला नव्हता. डॉक्टर खाली पडले, हलायचे थांबले, तरी तो मारतच राहिला होता. शेजारी एक लोखंडी डंबेल पडलं होतं. पेशंटच्या दंडात ताकद यावी म्हणून ठेवलेलं. त्याला केस चिकटले होते.

रक्ताचे बारीक शिंतोडे भिंतीवर पुरुषभर उंच गेले होते. आरशावर होते, चालायचा सराव करायच्या दांड्यांवर होते. आणि कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका म्हातारीच्या लुगड्यावर होते. तिच्या चष्म्याच्या काचेवरही दोन थेंब सुकले होते.

म्हातारी जिवंत होती. डोळे उघडे होते. ती डॉक्टरांकडे बघत होती.

"हिला अजून इथून हलवलं का नाही?" शमिकाने विचारलं.

"कोणी काही हलवू नका असं तुमच्याच ठाण्यातून सांगितलं," मनस्वी गुरव म्हणाली. ती इथली मुख्य परिचारिका. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज जागेवर होता. "यमुनाबाई. देवरूखकडच्या. मुलगे मुंबईला असतात. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. जेवण झालं की दुपारी त्यांना इथे बसवतो, वारा चांगला येतो म्हणून."

"म्हणजे हिच्या डोळ्यांदेखत झालं."

"हो. पण मॅडम, वाचा गेली आहे त्यांची. तोंडात दोनच शब्द राहिलेत. हो आणि नाही."

सुरंगी पुनर्वसन केंद्र रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर होतं. बाजूलाच जांभ्या दगडाची चिरेखाण, तिथे दिवसभर चिरे कापायचं यंत्र किंचाळत असे. दुपारी पेशंट झोपलेले, पंखे फिरत असलेले, आणि वर हे यंत्र. कोणी काही ऐकलं नसेल, यात नवल नव्हतं.

शमिका म्हातारीसमोर गुडघ्यावर बसली. तोंड उघडणार एवढ्यात हवालदार अक्षया कोतवडेकर धावत आली.

"मॅडम, गेटवर एकाला धरलाय. लवकर चला. जिवंत ठेवणार नाहीत त्याला."

२

गेटजवळ लाल मातीत एक तरुण पडला होता आणि सात-आठ जण त्याला तुडवत होते. वॉर्डातला कामगार विठू आंबे उतरवायच्या झेल्याचा बांबू दोन्ही हातांनी उचलून मारत होता. त्या पोराने डोक्यावर हात घेतला. बांबू हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज शमिकाला इतक्या लांबून ऐकू आला.

तिने जाऊन विठूच्या मनगटावर काठी मारली. बांबू गळाला. पुढच्याला तिने छातीवर ढकललं, तिसऱ्याच्या पोटरीवर अक्षयाने ठेवून दिली, तेव्हा गर्दी मागे सरली.

"त्यानेच मारलान डॉक्टरांना," विठू धापा टाकत म्हणाला. मनगट दाबून धरलं होतं तरी नजर त्या पोरावरच होती. "रक्तात माखून पळत व्हता. आमी बगितला सगळ्यांनी."

पोराला इथे सगळे ओळखत होते. अद्नान होडेकर. मिरकरवाड्यात वडिलांच्या ट्रॉलरवर काम करायचा. वडील जैनुद्दीन हे जुने तांडेल. समुद्रात जाळं कुठे टाकायचं हा त्यांचा शब्द शेवटचा. पक्षाघात झाल्यावर ते या केंद्रात होते, आणि रमजान ईदेनंतर थोड्याच दिवसांत इथेच चहा पिताना घास अडकावा तसे गुदमरून गेले. त्या दिवशी अद्नानने केंद्राच्या काचा फोडल्या होत्या आणि डॉ. सुर्व्यांच्या तोंडात मारली होती. डॉक्टरांनी तक्रार केली नाही. सगळ्यांना त्याचं आश्चर्य वाटलं होतं.

आता अद्नानचा शर्ट छातीपासून मांडीपर्यंत रक्ताने चिंब होता. त्यातलं बरंचसं त्याचं नव्हतं.

"मी उचलत होतो त्यांना," तो म्हणाला. दात लाल झाले होते. "पडले होते. उचलत होतो."

मग त्याची शुद्ध गेली.

३

यमुनाबाईंना त्यांच्या खोलीत नेलं, चष्मा पुसला, लुगडं बदलून पंचनाम्यासाठी ठेवलं. जबाब कसा घ्यायचा हा प्रश्नच होता. तेव्हा ओमकार दळी पुढे आला.

"मी विचारू का? माझं रोजचंच आहे."

ओमकार केंद्रात वाचा-उपचाराचं काम बघायचा. झटक्याने गेलेलं बोलणं परत आणायचं, आणि गिळताना ठसका लागतो का ते तपासून कोणाला काय खायला चालेल ते ठरवायचं. रत्नागिरीत, चिपळुणात, लोटे वसाहतीतल्या कारखान्यांत कामगारांचे कान तपासायला, अशी चार ठिकाणी त्याची कामं होती. उंच, भरल्या अंगाचा, बोलायला मऊ. केस ओले होते. अंगात वॉर्डातल्या कामगारांचा निळा शर्ट होता, खांद्यांवर ताणलेला.

शमिकाची नजर शर्टावर गेली तसा तो कसनुसा हसला. "जेवताना आंब्याचा रस सांडला हो. मग डोक्यावरूनच पाणी घेतलं. उकाडा बघताय ना."

एप्रिल होता. शमिकाच्याही पाठीला वर्दी चिकटली होती.

ओमकार खाटेजवळ स्टूल ओढून बसला. यमुनाबाईंचा लुळा हात त्याने आपल्या हातात घेतला. "आजी, घाबरू नका. अद्नानला ओळखता ना? त्या तांडेलांचा मुलगा. त्याने मारलं का डॉक्टरांना?"

"हो," यमुनाबाई म्हणाल्या. आणि मग थांबेचनात. "हो, हो, हो." डाव्या हाताने त्या खाटेची दांडी थापटत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुसरं कोणी होतं खोलीत?"

"नाही. नाही."

ओमकारने मान वर केली. "अजून काय हवं, मॅडम?"

खरंच काही नको होतं. कारण होतं, रक्त होतं, साक्षीदार होती. तरी शमिका उठली नाही. म्हातारीने तिच्या बाहीची कड पकडली होती आणि ती सोडत नव्हती.

मनस्वी चहा घेऊन आली. चहात पावडर घालून तो पेजेसारखा घट्ट केलेला होता. इथल्या बऱ्याच पेशंटना पातळ काही गिळता येत नसे, मग ते श्वासनळीत जाई. तिने यमुनाबाईंना उंच बसवलं आणि चमच्याने भरवलं. अर्धा कप झाल्यावर विचारलं, "बास झाला, आजी?"

"हो," यमुनाबाई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने कप स्वतःकडे ओढून उरलेला मागू लागल्या. मनस्वीने काही न बोलता तोही भरवला.

शमिकाने ते पाहिलं. पण डोक्यात तेव्हा अद्नान होता.

४

संध्याकाळपर्यंत तिने सगळ्यांना विचारलं. मनस्वी वॉर्डात इंजेक्शनं देत होती, सोबत दोन मावश्या. विठू सामानाच्या खोलीत झोपला होता, एकटाच. ओमकार आपल्या खोलीत रिपोर्ट लिहीत होता, तोही एकटाच. अद्नान आरडाओरडा न करता शांतपणे आत आला आणि थोड्या वेळाने रक्ताने भरलेला बाहेर धावला, एवढं सुरक्षारक्षकाने सांगितलं.

"तो आत आला तर तुम्ही अडवलं नाहीत?"

"डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं. येईल, सोडा म्हणून."

शमिकाने मनस्वीला गाठलं. "ज्याने तोंडात मारली त्याला डॉक्टर बोलावतील कशाला?"

मनस्वीने हातातली फाईल खाली ठेवली. "मॅडम, इथे प्रत्येक खाटेला एक केअर प्लॅन असतो. काय भरवायचं, कसं बसवायचं, कसं बोलायचं. आम्ही आमचा भाग लिहितो, ओमकार सर त्यांचा. आणि डॉक्टरांनी दर आठवड्याला पेशंट बघायचा, प्लॅन वाचायचा, बदल असेल तर करायचा आणि खाली सही करायची. मी बघितलं, मला पटलं, अशी ती सही."

"बघायचे?"

"सही करायचे. गठ्ठा समोर ठेवला की भराभर."

"आणि जैनुद्दीन?"

"त्यांना आधी पातळ बंद होतं. मग प्लॅन बदलला. गिळण्याची तपासणी झाली, आता पातळ चालेल, असं ओमकार सरांनी लिहिलं. खाली डॉक्टरांची सही. विठूमामाने प्लॅन विचारून चहा दिला. कप त्याच्या हातात होता, मॅडम. तांडेल त्याच्यासमोर निळे पडले. तेव्हापासून मामा नीट झोपलेला नाही."

विठूचा बांबू इतका जोरात का चालला ते शमिकाला आता कळलं. या वेळच्या मरणाला कोणीतरी जबाबदार धरायला सापडलं होतं, आणि तो विठू नव्हता.

"डॉक्टर त्यानंतर बदललेच," मनस्वी म्हणाली. "एकेका खाटेपाशी तास तास बसायचे. स्वतः भरवून बघायचे. प्रत्येक प्लॅन पहिल्यापासून तपासत होते. अद्नानला का बोलावलं ते मला नाही सांगितलं. एवढंच म्हणाले, आज ते काम उरकून टाकतो."

शमिकाने जैनुद्दीनच्या फाईलची प्रत मागून घेतली आणि अक्षयाला यमुनाबाईंच्या दाराशी पहाऱ्याला बसवून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात पोचली तर बातमी वाट बघत होती. डॉक्टरांच्या गावची काही पोरं मोटरसायकली घेऊन मिरकरवाड्यात गेली होती. होडेकरांच्या दारावर दगड पडले. अद्नानची आई सकिना दार लावायला आली आणि एक दगड तिच्या कपाळावर बसला.

वरिष्ठांचा फोन आला. "साक्षीदार आहे, रक्त आहे. आजच अटक दाखवा, नाहीतर हे वाढत जाईल."

"एक शर्ट बघायचा राहिलाय, सर," शमिका म्हणाली.

५

सरकारी रुग्णालयात अद्नान खाटेला बेडीने जखडलेला होता. एक हात प्लॅस्टरमध्ये. शेजारी सकिना बसली होती, कपाळाला पट्टी, पट्टीवर ओढणी. तिने शमिकाकडे पाहिलं आणि पुन्हा मुलाकडे वळली.

शर्ट कागदी पिशवीत होता. शमिकाने हातमोजे घालून तो खिडकीपाशी उलगडला. छाती, पोट, बाहीची आतली बाजू रक्ताने भिजून कडक झाली होती. जखमी माणसाचं डोकं मांडीवर घ्यावं तसं. पण खांद्यावर थेंब नव्हता. कॉलरवर नव्हता. पाठीवर धूळ होती, रक्त नव्हतं.

तिला यमुनाबाईंचा चष्मा आठवला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हातारीच्या काचेवर थेंब उडाले होते. मग जो वाकून, डंबेल डोक्यावर नेऊन पुन्हा पुन्हा मारत होता त्याच्या अंगावर किती उडाले असतील. त्याचं तोंड, केस, खांदे शिंतोड्यांनी भरलेले असणार. तो आंघोळ केल्याशिवाय आणि कपडे बदलल्याशिवाय माणसांत येऊच शकला नसता.

आंघोळ. कपडे.

ती अद्नानजवळ बसली. "डॉक्टरांनी तुला का बोलावलं होतं?"

"सांगून काय उपयोग? आजीने हो म्हटलंन ना."

"मी विचारतेय."

अद्नानने ओठ ओले केले. "फोन केलान मला. म्हणाले, तुझ्या अब्बांच्या कागदावर सही माझी हाय, पण मी त्यांना बघितलं नव्हतं. वर जे लिहिलंय ते पण खोटं हाय. समोर बसून सांगतो, मग तू मला काय करायचं ते कर. मी गेलो तेव्हा ते खाली पडलेले. श्वास चालू हाय का बघायला उचलले, तर डोकं..."

शमिकाने फाईलची प्रत उघडली. गिळण्याच्या तपासणीचं पान तिने सकिनासमोर धरलं. "ही तपासणी झाली तेव्हा तुम्ही होतात तिथे?"

"कंची तपासणी?"

"या तारखेची. पाणी पाजून बघितलं, चहा पाजून बघितला, ठसका नाही, असं लिहिलंय."

सकिनाने तारीख बघितली. बोट तिथेच राहिलं. "ही तर ईद हाय, बाय. ईदेला हे घरी होते. सकाळी आणले, रात्री सोडले. मी शीरखुर्मा पण पातळ नाय दिला त्यांना. चमचा उभा राहील एवढा घट्ट केला. तुमच्या त्या प्लॅनात तसं लिहिलेलं होतं ना, म्हणून."

शमिकाला ती ईद चांगली आठवत होती. ईदगाहबाहेर ती स्वतः बंदोबस्ताला उभी होती आणि होडेकरांच्या गाडीला तिनेच वाट करून दिली होती. मागच्या सीटवर नवा पांढरा कुर्ता घातलेले तांडेल एका बाजूला कलून बसले होते.

घरच्या माणसांनी प्लॅन पाळला होता. ज्याने तो बदलला त्याने पेशंटला पाहिलंही नव्हतं. चार ठिकाणची कामं करणाऱ्याने बसल्या जागी कागद भरला होता. डॉक्टरांनी न बघता त्याखाली सही केली होती. आणि काल डॉक्टर ते सांगायला बसणार होते.

तो माणूस काल ओल्या केसांनी, दुसऱ्याच्या शर्टात, यमुनाबाईंचा हात हातात घेऊन बसला होता.

मग तिला कप आठवला. बास झाला, आजी? हो. आणि कप ओढून घेतलेला हात.

शमिका जिन्यावरून धावतच खाली आली. जीप गेटबाहेर पडता पडता तिने मनस्वीला फोन लावला.

"सिस्टर, यमुनाबाईंचा प्लॅन काढा. त्यांच्याशी कसं बोलायचं, ते काय लिहिलंय?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "तोंडी हो-नाही भरवशाचं नाही, बऱ्याचदा उलट येतं. दोन वस्तू किंवा फोटो समोर धरावेत, डाव्या हाताने दाखवतात ते पक्कं समजावं."

"कोणी लिहिलंय?"

"ओमकार सरांनीच. डॉक्टरांनी स्वतः बसून पडताळलं होतं. म्हणून तर मी काल..." फाईल मिटल्याचा आवाज आला. "मॅडम, मला कोणी विचारलंच नाही. मला वाटलं सरांना माहीत आहे म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या तऱ्हेनेही विचारून घेतलं असेल."

"यमुनाबाई आत्ता कुठे आहेत?"

"खोलीत. ओमकार सर आलेत. व्यायाम घेतायत त्यांचा."

"अक्षया दाराशी आहे ना?"

"आहे. पण सरांनी दार आतून लावून घेतलंय. बोलायच्या सरावाला शांतता लागते म्हणाले."

"दार तोडा," शमिका म्हणाली. "दोघी मिळून. आत्ता."

६

फोन चालूच राहिला. जीप सड्याचा चढ चढत होती आणि शमिकाच्या कानाशी लाकूड फुटल्याचा आवाज येत होता. मग अक्षयाची हाक. मग लोखंड कशावर तरी आदळलं, आणि अक्षयाचा आवाज मध्येच तुटला.

शमिका खोलीत पोचली तेव्हा अक्षया दारात आडवी होती, कपाळ भुवईपासून केसांपर्यंत उघडलेलं. खाट सपाट केलेली होती. पाण्याचा जग फुटून पाणी सगळीकडे झालं होतं. यमुनाबाईंचं तोंड काळंनिळं पडलं होतं. मनस्वीने त्यांना कुशीवर वळवून धरलं होतं आणि ती त्यांच्या पाठीवर थापा मारत होती. तिच्या मागे उभा राहून ओमकार सलाइनच्या स्टँडने तिच्या पाठीत घालत होता. प्रत्येक घावाला मनस्वी कळवळून वाकत होती, पण हात थांबवत नव्हती. म्हातारीला तिने सोडलं नाही.

"दळी," शमिकाने हाक मारली.

तो वळला तो मारतच. शमिकाने उजवा हात आडवा घातला. कोपराखाली काहीतरी तुटलं आणि बोटांपर्यंत आग गेली. दुसरा घाव तिच्या खांद्यावर आला. तिसऱ्यासाठी त्याने स्टँड उचलला तेव्हा ती मागे हटण्याऐवजी आत घुसली, डोकं त्याच्या छातीत दिलं आणि पायाने त्याचा गुडघा आतल्या बाजूने मोडला. दोघं ओल्या फरशीवर आपटली. त्याचे हात तिच्या गळ्याभोवती आले. मोठे, भक्कम हात. डोळ्यांपुढे अंधारी आली. डाव्या हाताने तिने त्याचे केस धरले आणि त्याचं तोंड खाटेच्या लोखंडी कडेवर आपटलं. तो सोडेना म्हणून परत आपटलं. नाकाचं हाड फुटलं, दात पडले, तेव्हा गळ्यावरची बोटं सैल झाली.

शांततेत एकच आवाज आला. यमुनाबाई खोकत होत्या. घशातून पाणी पडलं, मग श्वास आत गेला, शिट्टीसारखा.

मनस्वी त्यांना धरूनच फरशीवर बसली आणि तेव्हा कुठे रडली.

नंतर बाकीचं सोपं होतं. मळक्या चादरी भिजवायच्या टाकीत तळाशी ओमकारचा शर्ट सापडला. ब्लीचने रंग उडाला होता, पण शिवणींच्या आतले डाग राहिले होते. दंडाधिकाऱ्यांसमोर यमुनाबाईंना केंद्रातल्या माणसांचे आणि अद्नानचा असे फोटो दाखवले. चार वेळा जागा बदलून ठेवले. चारही वेळा त्यांनी डाव्या हाताचं बोट ओमकारच्या फोटोवर ठेवलं, शेवटच्या वेळी इतकं दाबून की फोटो वाकला.

ओमकारने कबुली दिली ती जबड्याला तारा घातलेल्या अवस्थेत, तुटक तुटक. डॉक्टरांनी त्याला त्या दुपारी व्यायामशाळेत बोलावून सांगितलं होतं की ते आधी अद्नानला आणि मग आरोग्य खात्याला सगळं लेखी देणार. स्वतःची न बघता केलेली सही आणि ओमकारची न केलेली तपासणी, दोन्ही. ओमकारने हात जोडले. मग धमकी दिली. चहा घरच्यांनी चोरून पाजला असं लिहू या, म्हणाला. डॉक्टर नाही म्हणाले आणि पाठ फिरवून फाईल उचलायला वाकले.

"यमुनाबाई तिथे बसल्या होत्या. त्यांची भीती नाही वाटली?" शमिकाने विचारलं.

"त्यांच्याशी कोणीही बोलायचं म्हटलं तरी मलाच बोलावणार होते," तो म्हणाला.

"मग दुसऱ्या दिवशी मारायला का गेलास?"

"तुम्ही तांडेलांची फाईल नेलीत म्हणून कळलं. आज ना उद्या म्हातारीचीही मागितली असतीत."

७

अद्नानची बेडी काढली त्या आठवड्यात सकिना ठाण्यात आली. नवऱ्याच्या मरणाची फिर्याद द्यायला. डॉक्टरांचा खून झाला त्याचा तपास झाला, म्हणाली. माझ्या माणसाचं काय?

शमिकाचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून लिहायला अक्षया बसली होती. तिच्या कपाळावरचे टाके अजून ओले होते. फिर्याद अर्धी झाली होती तेवढ्यात सानिका सुर्वे आत आली. डॉक्टरांची बायको. पांढऱ्या साडीत, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"मला कळलं तुम्ही लिहून घेताय," ती शमिकाला म्हणाली. सकिनाकडे बघायचं ती टाळत होती. "ओमकारचं नाव आहेच. ह्यांचं नका घालू. ते गेलेत. माझी मुलगी दहावीला आहे, मॅडम. बाप चांगला होता एवढं तरी राहू दे तिच्याकडे."

शमिकाने सकिनाकडे पाहिलं. फिर्याद तिची होती.

सकिनाच्या कपाळावरची पट्टी निघाली होती, तिथे काळा व्रण राहिला होता. बाहेर आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो मागे घेताना कोणीतरी ओरडत होतं.

"नाव लिहा," ती शेवटी म्हणाली. "बघितल्याबिगर सही केलान, हे लिहा. माझा माणूस त्याने गेला."

सानिकाने डोळे मिटले.

"आणि हे पण लिहा," सकिना म्हणाली, "की ते आमाला खरं सांगायला निघालेले, म्हणून त्यांना मारलं. त्याच कागदावर लिहा. एक लिहून दुसरं सोडू नका." मग ती पहिल्यांदाच सानिकाकडे वळली. "पोरीला दोन्ही सांग. बस गो. उभी नको राहूस."

सानिका बसली. दोघींच्या मध्ये एक रिकामी खुर्ची होती.

अक्षयाने लिहून पुरं केलं आणि सहीसाठी कागद फिरवून सकिनासमोर ठेवला, वर पेन. सकिनाने पेन उचललं नाही.

"आधी वाचून दाखव," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मी ऐकते, मग सही करते."

अक्षयाने घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.